सभा जिंकणारे आणि सभेत बसणारे

चांगल्या वक्त्याविषयी बोलताना मराठीत जी क्रियापदे सहज तोंडी येतात, ती एकदा एकत्र मांडून पाहावीत. वक्ता सभा जिंकतो, मैदान मारतो, फड गाजवतो. तो श्रोत्यांवर छाप पाडतो, त्यांना खिळवून ठेवतो, मंत्रमुग्ध करतो आणि फारच रंगला तर सभा खिशात घालतो. यांतली निम्मी क्रियापदे युद्धाच्या व कुस्तीच्या परिभाषेतली आहेत आणि उरलेली जादूटोण्याच्या. 'छाप' हा शब्द तर टाकसाळीतला आणि छापखान्यातला : वर कठीण ठसा, खाली मऊ धातू किंवा कोरा कागद. ज्याच्यावर छाप पडायची त्याने निमूट पडून राहायचे, एवढेच त्याचे काम. श्रोत्याच्या वाट्याला आलेली क्रियापदे शोधू गेल्यास 'डोलणे', 'टाळ्या पिटणे' आणि 'पांगणे' यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

आम्ही महाविद्यालयांत मराठी शिकवतो. उपयोजित मराठीच्या तासाला भाषण, निवेदन, सूत्रसंचालन यांचे धडे द्यावे लागतात. आवाजाची पट्टी, उच्चारांची शुद्धता, नजर कोठे असावी, प्रारंभ आकर्षक कसा करावा, इत्यादी. हे सारे उपयोगाचे आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु वक्तृत्वाची ही जी कल्पना आपण विद्यार्थ्यांच्या हाती देतो, तिला एक विशिष्ट इतिहास आहे, ती एका विशिष्ट सभागृहात घडली आहे, आणि त्या सभागृहापासून शे-दीडशे मैलांवर, आमच्याच ठाणे जिल्ह्यात, १९४५ साली ती सपशेल अपुरी पडली होती, हे मात्र आपण सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्या अपुरेपणाचा मागोवा घ्यायचा आहे.

आधुनिक मराठी वक्तृत्वाचा औपचारिक प्रारंभ सांगायचा तर १८७५ हे साल सोयीचे आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती या वर्षी. तिचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नाव 'वक्तृत्वोत्तेजक सभा'. उत्तेजन द्यायचे ते वक्तृत्वाला, हे नावातच आले. ऐकण्याला उत्तेजन द्यावे असे त्या काळी कोणास वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. कारण व्यासपीठावरचा माणूस आणि समोर सतरंजीवर बसलेला माणूस हे एकाच शाळेतून, बहुतेक वेळा एकाच आळीतून आलेले असत. वक्त्याने संस्कृत वचन अर्ध्यावर सोडले तर श्रोता ते मनातल्या मनात पुरे करी. उपरोध समजे, कारण तो ज्या वर्तमानपत्राला उद्देशून असे ते श्रोत्याने सकाळीच वाचलेले असे. शिवराम महादेव परांजपे यांच्यासारख्या वक्रोक्तीच्या बादशहाला असाच श्रोता लागतो. सूचित अर्थ पकडणारा कानच नसेल तर वक्रोक्ती हे केवळ लांबलेले वाक्य ठरते. 'वक्ता दशसहस्रेषु' ही बिरुदावली पुढे अनेकांना लाभली. ते दहा हजार कोण होते, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

या सभागृहाच्या बाहेर कीर्तनाची परंपरा होती आणि तिच्यात श्रोत्याची जागा कितीतरी मोठी होती, हे येथे नोंदवले पाहिजे. वारकरी कीर्तनात टाळकरी मागे उभे असतात, अभंगाचे चरण उचलतात, समुदाय नामघोषात उतरतो. बुवा एकटे बोलतात आणि तरी एकटे नसतात. शहापूर-मुरबाडच्या आगरी-कुणबी गावांत आजही हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) या परंपरेतून जे काढले ते तर विलक्षण होते. ते गावात येत ते हातात खराटा घेऊन, आणि दिवसभर गाव झाडून रात्री कीर्तनाला उभे राहत. वक्त्याची पहिली ओळख त्याच्या तोंडून न होता त्याच्या हातून होई. कीर्तनात ते विधाने थोडी करीत, प्रश्न फार विचारीत. प्रश्न असा असे की ज्याचे उत्तर अडाण्यातल्या अडाण्यालाही ठाऊक आहे, आणि ते त्याने मोठ्याने दिले की पुढचा प्रश्न त्याच उत्तराला धरून येई. दहाव्या प्रश्नाला श्रोता आपल्याच उत्तरांच्या साखळीत अडकलेला असे. येथे सिद्धान्त श्रोत्याच्या तोंडून वदवून घेतला जाई. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांतून ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसाच्या नावावर मांडली जाणारी ही पद्धत विदर्भातल्या एका परीट कुटुंबातल्या निरक्षर माणसाने बाजाराच्या मैदानात वापरली, पण आपल्या अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत ती अभावानेच सापडते.

तरीही गाडगेबाबांना एक गोष्ट आयती मिळाली होती. श्रोता कीर्तनाला येत असे. कीर्तन म्हणजे काय, तेथे कसे बसायचे, केव्हा 'गोपाला गोपाला' म्हणायचे, हे त्याला ठाऊक होते. ज्याला सभा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, आणि पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसताच जो रानात पसार होतो, अशा श्रोत्यापुढे काय बोलायचे?

वाशिंदहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की खडवली आणि मग टिटवाळा लागते. टिटवाळ्याला लोक उतरतात ते महागणपतीसाठी. मंगळवारी आणि चतुर्थीला तर दारात पाय ठेवायला जागा नसते. याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली होती, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांना माहीत असेल. परिषदेच्या संघटकांत शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर हे दोघे प्रमुख होते.

गोदावरीबाई या पूर्वाश्रमीच्या गोखले, पुण्याच्या, वकिलाच्या घरातल्या. स्वतः कायद्याच्या पदवीधर, आणि त्या काळी अशा स्त्रिया महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात आजीव सेवक म्हणून प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. साक्षरता प्रसार, घरकाम करणाऱ्यांची संघटना, मग कम्युनिस्ट पक्ष, असा त्यांचा प्रवास. म्हणजे वर ज्या सभागृहाचे वर्णन केले त्याचे जे काही उत्तम होते ते सर्व घेऊन त्या आल्या होत्या : तर्कशुद्ध मांडणी, कायद्याचे ज्ञान, निर्भय आवाज, सभेची सवय.

टिटवाळ्याच्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातून काही मोजके वारली आले होते. उंबरगाव तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला. पश्चिम रेल्वेच्या बाजूची ही माणसे मध्य रेल्वेवरच्या टिटवाळ्यापर्यंत आली, हेच एक आश्चर्य. त्यांच्यात माह्या धांगडा नावाचा वारली होता. परिषदेच्या व्यासपीठावरून तो आपल्या बोलीत बोलला. जमीनदाराची फुकट वेठ, मारझोड, आणि लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या दारात राबायचे ती लग्नगड्याची पद्धत, हे सारे ज्याच्या पाठीवर उमटले होते त्याच्या तोंडून परिषदेने ऐकले. त्या भाषणाला आकर्षक प्रारंभ नसणार आणि नजर कोठे ठेवावी हे त्याला कोणी सांगितले नसणार. परिणाम मात्र असा झाला की गोदावरीबाई वारल्यांच्या मुलखात जाण्यास निघाल्या. आमच्या मते मराठी वक्तृत्वाच्या इतिहासातले हे एक निर्णायक भाषण होय, आणि येथे ज्याच्यावर 'छाप' पडली तो श्रोता म्हणजे त्या काळातली एक कसलेली वक्ती होती.

पुढची हकिकत त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून ते चळवळीचा इतिहास म्हणून किंवा आत्मचरित्राचा एक प्रकार म्हणून वाचले जाते. आमच्या वर्गात आम्ही ते आणखी एका दृष्टीने वाचून पाहिले : एका प्रशिक्षित वक्तीने बोलणे नव्याने शिकण्याची कथा म्हणून. तसे वाचले की पुस्तकातली पायपीट, झोपडीतला मुक्काम, शेकोटीभोवतीची बैठक, मिळेल ते अन्न, हे सारे तपशील त्यागाच्या वर्णनातून बाहेर येतात आणि अध्ययनाचे टप्पे म्हणून दिसू लागतात.

कारण अडचण भीतीची होती आणि भाषेचीही होती. वारल्याच्या अनुभवात परका माणूस म्हणजे जमीनदाराचा माणूस, जंगल खात्याचा शिपाई किंवा पोलीस. त्या तिघांपुढे काही विचारले की 'होय' म्हणायचे आणि सुटका करून घ्यायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणा. म्हणून वारली समोर मान डोलावतो आहे याचा अर्थ त्याला पटले आहे असा होत नाही. पुण्याच्या सभेत मान डोलावणे ही दाद असते. पाड्यावर ती ढाल होती. वक्त्याला आपल्या बोलण्याचा परिणाम मोजण्याचे जे एकमेव साधन उपलब्ध असते तेच येथे खोटे ठरत होते. मग मोजायचे कसे? वारल्याने दुसऱ्या दिवशी काय केले, यावरून.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. वारली समाज मुका होता, त्याला बोलते केले, असे वर्णन आपल्याकडे भाबडेपणाने केले जाते. ते खरे नाही. लग्नात धवलेरी गाते ती विधीचा कणा असते. भगत घांगळीच्या सुरावर कणसरीची कथा लावतो ती रात्रभर चालते आणि ऐकणारे रात्रभर ऐकतात. दीर्घ ऐकण्याची, आळवून सांगण्याची, पुन्हा पुन्हा तेच पालुपद घेण्याची इतकी मोठी सवय ज्या समाजाला आहे त्याला श्रोता कसे व्हावे हे शिकवण्याची गरज नव्हती. तो मुका होता तो सत्तेपुढे. पुढे वारल्यांच्या सभांमधून थोड्या, ठाम, पाठ होतील अशा गोष्टी सांगण्याची जी रीत पडली, तिचे नाते या पालुपदाशी असावे असा आमचा तर्क आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली. हजारो माणसे जमली. वेठ करायची नाही. बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर कामाला जायचे नाही. लग्नगडी आजपासून मोकळे. हे सारे एका वारल्याला दुसऱ्या पाड्यावर जाऊन एका दमात सांगता येईल असे होते. आणि तसेच झाले. सभेत नसलेल्या माणसांपर्यंत सभा पोचली, ती छापील पत्रकाने न पोचता चालत्या माणसांच्या तोंडून पोचली. लग्नगडी सावकारांचे वाडे सोडून घरी आले. एका अर्थी श्रोत्यांनीच वक्त्याचे काम हाती घेतले होते. बारा आणे हा आकडा कोणत्याही अलंकाराहून अधिक स्मरणीय ठरला, हे शैलीच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे.

एव्हाना वारल्यांनी गोदावरीबाईंना एक नाव दिले होते : गोदाराणी. या नावात प्रेम आहे, पण त्यात धोकाही होता. ज्यांना कोणाचीही प्रजा व्हायचे नव्हते, त्यांनी आपल्या विश्वासाला दिलेला शब्द 'राणी' असावा! विश्वास ठेवण्यासाठी जी भाषा त्यांच्याजवळ होती तीच त्यांनी वापरली. त्या विश्वासाचे काय होऊ शकते ते ऑक्टोबरमध्ये दिसले.

पावसाळा संपला, गवत कापणीचा हंगाम आला. पाचशे रतल गवताला अडीच रुपये मजुरी, ही वारल्यांची मागणी. संप सुरू झाला. अशा वेळी १० ऑक्टोबर १९४५ रोजी पाड्यापाड्यांतून निरोप फिरला : तलवाड्याला सभा आहे, गोदाराणी येणार आहे, हत्यारे घेऊन या. निरोप खोटा होता. तो जमीनदारांच्या माणसांनी फिरवला होता, आणि दुसरीकडे वारली हल्ला करण्यासाठी जमत आहेत असे सरकारला कळवले होते. हजारो वारली तलवाड्याला जमले आणि वाट पाहत थांबले. पोलिसांनी गोळीबार केला. तरी समुदाय पटकन पांगेना, कारण बाई यायच्या होत्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

वक्तृत्वावरच्या कोणत्याही पुस्तकात तलवाड्याची ही सभा आम्हांला आढळलेली नाही. वक्ता हजर नाही, भाषण झाले नाही, आणि तरी श्रोते गोळ्यांपुढे जागचे हलत नाहीत. 'प्रभाव' हा शब्द आपण अभ्यासक्रमात किती सैलपणे वापरतो! वक्त्याच्या नावावर इतका विश्वास बसला की कोणीही ते नाव उच्चारून हजारो माणसे गोळा करू शकतो, ही वक्त्याची सर्वांत मोठी सिद्धी म्हणायची की त्याच्या कामातली सर्वांत मोठी त्रुटी? ज्या निरोप्यांच्या साखळीने झरीचे ठराव पाड्यापाड्यांवर नेले, त्याच साखळीतून हा खोटा निरोपही गेला. खरा निरोप कोणता आणि खोटा कोणता, हे ओळखण्याची काही खूण त्यांच्यात ठरलेली नव्हती. चळवळीच्या अंगाने पाहता तलवाड्यानंतर वारली मागे हटले नाहीत. संप पुढे चालू राहिला आणि वेठ व लग्नगड्याची पद्धत उठली. पण वक्ता आणि श्रोता यांच्या नात्याच्या अंगाने पाहता हा प्रश्न तसाच राहतो आणि त्याचे उत्तर आमच्याजवळ नाही.

त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, किनाऱ्यालगतच्या बोर्डी गावी आणखी दोघी शहरातून आल्या. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. अनुताई वाघ (१९१०-१९९२) या बालपणीच विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. परुळेकरांचा मार्ग आणि यांचा मार्ग यांत राजकीय अंतर पुष्कळ आहे. ते पुसून टाकण्याचा आमचा हेतू नाही. तरीही शिक्षक म्हणून या दोघींपुढे जी अडचण उभी राहिली ती त्याच जातीची होती. बालवाडी काढली, मुले येईनात. मग बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मला. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली तेव्हा तो देशभर गेला. आज तो कानडी-तेलुगू मुलखातही तसाच वापरतात.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम सुरू झाले तेव्हा अंगणही पुरेना. मुले घरी नसतच. ती गुरे घेऊन रानात जात. तेव्हा शाळा गुरांमागे गेली. कुरणशाळा. शिक्षकाने मुलांमागून चालायचे, गुरे बसली की मुले बसतात, तेवढ्यात शिकवायचे. माँटेसरीची महाग साधने येथे निरुपयोगी होती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली. मोजायला शिकायचे ते बियांवर, आणि ती बी कोणत्या झाडाची हे शिक्षकापेक्षा मुलाला अधिक चांगले ठाऊक. आमच्या दृष्टीने कुरणशाळेतली खरी क्रांती याच ठिकाणी आहे. शिकवणारा प्रत्येक तासाला निदान एका गोष्टीत अडाणी ठरतो, आणि मुलाला ते दिसते. लक्ष वेधून घेण्याच्या ज्या युक्त्या अध्यापक विद्यालयांत शिकवल्या जातात त्यांची मग फारशी गरज उरत नाही. मूल लक्ष देते, कारण त्याला मास्तरची चूक पकडायची असते.

या तिघींच्या कामाचा गौरव करताना एका आक्षेपाला जागा ठेवली पाहिजे. वारल्यांची कथा आपल्याला गोदावरीबाईंच्या पुस्तकातून कळते, आदिवासी मुलांची अनुताईंच्या लेखनातून. सांगणारा माणूस अखेर शहरातूनच आलेला आहे. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या १९८७ सालच्या संग्रहात 'स्टेज' नावाची कविता आहे. आदिवासींचे दुःख आदिवासींना समजावून सांगणारे लोक मंचावर आणि ज्यांचे ते दुःख आहे ते खाली, या मांडणीलाच ती प्रश्न विचारते. ही कविता आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' एकाच आठवड्यात शिकवावीत असे आम्ही सहाध्यापकांना सुचवू. विद्यार्थी दोन्हींकडे एकदम कल देऊ शकत नाहीत, आणि वर्गात खरा वाद होतो.

वाद होतो म्हणजे काय होते, तेही सांगितले पाहिजे. शहापूर आणि मुरबाड तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही ठाण्यातच राहिले. वाशिंद-आसनगावच्या पट्ट्यातल्या महाविद्यालयीन वर्गांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, आगरी, कुणबी अशी मुले एकत्र बसतात, आणि अलीकडच्या गृहसंकुलांत राहायला आलेली मुंबईकर कुटुंबांतली मुलेही असतात. वक्तृत्व स्पर्धेसाठी नावे मागितली की हात वर होतात ते बहुधा याच शेवटच्या गटातले. बाकीच्यांना विचारले तर 'हो सर', 'हो मॅडम' आणि मान डोलावणे. त्या मानेचा अर्थ काय घ्यायचा, हे परुळेकरांचे पुस्तक वाचल्यापासून आम्हांला पूर्वीइतके सोपे वाटत नाही. मागच्या काही वर्षांत आम्ही एवढेच केले की भाषणाच्या प्रात्यक्षिकात अर्धे गुण भाषण करणाऱ्याला आणि अर्धे गुण, ते ऐकून नंतर वर्गाबाहेरच्या एखाद्याला आपल्या बोलीत सांगून येणाऱ्याला, असे वाटून पाहिले. अंतर्गत मूल्यमापनात एवढी मुभा असते. पहिल्या वर्षी बहुतेक भाषणे दुसऱ्या माणसापर्यंत पोचलीच नाहीत. उत्तम उच्चारांची, सुभाषितांनी सजलेली भाषणे तर मुळीच नाहीत. सांगणारा अडखळून म्हणे, काहीतरी देशाबद्दल होते.

माह्या धांगडाचे टिटवाळ्यातले भाषण शब्दशः कोणी लिहून घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ते पोचले एवढेच आपल्याला माहीत आहे.